खडी उघडायची वेळ

“मालन, हिकडं ये. अंगठा लाव.”

मामांनी हाक मारली तेव्हा मी रिकाम्या तलावाच्या कोपऱ्यात बादलीवर वाकून स्पंज पिळत होते. मला वाटलं, मस्करी करतायत. पण सिद्राम मेस्त्री आणि मस्करी! आमच्या सासऱ्यांना हसताना मी फक्त लग्नाच्या फोटोत बघितलं होतं, तेही फोटोवाल्यानं हातापाया पडल्यावर.

“मी?”

“दुसरी कुठली मालन हाय हितं?”

माझ्या शेजारी इंदूबाई होती, आमच्या धुणाऱ्या बायकांतली सगळ्यात जुनी. तिनं हातातला पाइप खाली ठेवला आणि डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. पलीकडच्या भिंतीला थापी मारणारा सुखदेवही मान वळवून बघायला लागला. सुखदेव म्हणजे माझा नवरा. आता बिनदिक्कत नाव घेते, तेव्हा घेत नव्हते. तेव्हा नुसतं ‘अहो’ म्हटलं की काम भागायचं.

आता हे काम काय असतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एका अंगठ्याचं एवढं काय कौतुक. पोहायच्या तलावाला काही लोकांना फरशी नको असते. मग पांढऱ्या सिमेंटमध्ये बारीक गोल खडी कालवून त्याचा गिलावा करायचा आणि थापीनं दाबून दाबून गुळगुळीत करायचा. त्यावर सिमेंटची साय धरते. माल जरा आवळला, म्हणजे घट्ट व्हायला लागला, की ती साय पाण्यानं आणि स्पंजनं धुऊन काढायची, म्हणजे आतली खडी उघडी पडते. तळ्यात पाणी भरल्यावर ती खडी अशी काही दिसते की बघत बसावं. पण सगळी मेख वेळेत आहे. लवकर धुतलं तर सायीबरोबर खडीच निखळते आणि भिंतीला खड्डे पडतात. उशिरा धुतलं तर साय दगड होऊन बसते, मग डोकं आपटा नाहीतर छिन्नी घ्या. आणि ही वेळ काही घड्याळात दिसत नाही. ऊन किती, सावली कुठं, वारा कसा, त्यावर ती ठरते आणि अंगठ्याला कळते. मालावर अंगठा दाबायचा. रुतला तर ओलं. नुसता ठसा उठला आणि बोटाला काही चिकटलं नाही तर आलं. ठसाच उठला नाही तर गेलं, संपलं.

आणि अंगठा लावायचा तो मेस्त्रीनंच. गड्यांनी थापी मारायची, बायकांनी धुवायचं, मेस्त्रीनं अंगठा लावून ‘सोडा पाणी’ म्हणायचं. आमच्या सगळ्या गावात, जतकडच्या सगळ्या मेस्त्र्यांत हाच रिवाज. मामांच्या आधी त्यांच्या वडलांनी लावला, मामांच्या मागं सुखदेव लावणार, हे ठरलेलंच होतं. सुनेनं अंगठा लावायचा म्हणजे सासऱ्याच्या पानावर त्याच्या आधी जेवायला बसल्यासारखं.

त्यात माझं तर आधीच जळत होतं. ह्याच्या आधीचं आमचं काम पाचगणीला एका हॉटेलात झालं, आणि तिथला तळ पार वाया गेला. मामांनी अंगठा लावला, ‘सोडा पाणी’ म्हणाले, मी स्पंज फिरवला, आणि खडी भराभरा निघून हातात आली. मी ओरडले, “अहो, हे ओलं हाय!” तर सुखदेव सगळ्यांच्या देखत म्हणाला, “ओलं कसलं? तुझा हात जड हाय. धुणं आपटल्यासारखी घासतीस.” मामा तिथंच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. सगळा तळ फोडून पुन्हा करावा लागला. भाड्याच्या घरी परत येताना टेम्पोत सुखदेवनं निकाल सांगून टाकला, की आता धोमच्या बंगल्याचं काम तेवढं कर, त्यात पुन्हा खड्डे दिसले तर दुसऱ्या दिवशी तुला एसटीत बसवतो, गावाकडं शेळ्या राख.

मला शेळ्यांचा राग नाही. पण मला हे काम आवडायचं, सरळ सांगते. पांढऱ्याफटक चिखलातून हिरवी, करडी, तांबूस खडी एकेक करून डोळे उघडायला लागली की मला जेवणाची आठवण राहायची नाही. गावी कुणाच्या तरी दारात बसून ज्वारी निवडत आयुष्य काढायचं मला नको होतं. त्यामुळं त्या दिवशी धोमच्या तलावात उतरले तेव्हा मनात एकच होतं, आज काही झालं तरी खड्डा पडू द्यायचा नाही.

आणि नेमकं त्याच दिवशी मामा म्हणतायत, अंगठा लाव.

मी पदर खोचला, गेले, अंगठा दाबला.

“काय लागतंय?” मामांनी हळू विचारलं.

“रुततोय. अजून ओलं हाय.”

मामा वळले आणि आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “थांबा रं! अजून ओलं हाय!”

जसं काही त्यांनीच बघितलं होतं. मी तशीच उभी राहिले. “अण्णा, तिला कशाला लावायला लावलं?” सुखदेवनं विचारलं.

“कंबर धरलीया. वाकवत न्हाई.”

सकाळी ह्याच माणसानं सिमेंटची गोणी खांद्यावर टाकून उतरणीनं आणली होती. कंबर कुठली धरतीय! मी काय ते समजले. इंदूबाईजवळ परत येऊन बसले तर ती कानाशी लागली, “सासरा आज लई लाडात आलाय गं.”

“लाड कसले डोंबलाचे! बिघडलं की माझ्या अंगठ्यावर ढकलायची सोय करून ठेवतायत. म्हणतील, हिनंच सांगितलं. झालं, बस एसटीत.”

“तसले न्हाईत मेस्त्री.”

“पाचगणीला कसले होते मग?”

इंदूबाई पाइपचा पीळ सोडवायला लागली.

थोड्या वेळानं पुन्हा हाक. पुन्हा अंगठा. ह्या खेपेला नुसता ठसा उठला, चिकटलं काही नाही. “आलंय,” मी म्हणाले. मामा लगेच ओरडले, “सोडा पाणी!” आम्ही बायका पाइप आणि स्पंज घेऊन भिंतीला भिडलो. साय अलगद सुटली, खडी जागच्या जागी राहिली. एक गोटी हलली नाही. दुसरी भिंत, तिसरी भिंत, दर वेळी तोच प्रकार. मामा हळू विचारायचे, मी हळू सांगायचे, आणि मामा मोठ्यानं हुकूम सोडायचे. आणि बायकांत परत गेले की मीच तो हुकूम ऐकल्यासारखी मान डोलवायचे!

बंगल्याच्या मालकीणबाई, खांबेटेबाई, तलावाच्या काठाला येऊन उभ्या राहिल्या. काठाचा कट्टा आम्ही आधीच तसल्याच खडीचा केला होता, त्यावर त्या अनवाणी फिरून बघत होत्या. वाकून भिंत बघितली आणि म्हणाल्या, “अगंबाई, किती सुरेख आलंय हो!”

“आमच्या वडलांचा अंगठा हाय बाई,” सुखदेव फुशारून म्हणाला. “असा अंगठा सगळ्या जिल्ह्यात सापडायचा न्हाई.”

मी मामांकडं बघितलं. मामा चपलेला लागलेला चिखल काडीनं खरवडत होते, अगदी मन लावून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खड्डा पडला की हात माझा, आणि चांगलं झालं की अंगठा ह्यांचा!

दुपारपर्यंत गड्यांनी तळाचा गिलावाही ओढून घेतला. खोल बाजूपासून सुरुवात करून मागं मागं सरत उथळ बाजूला आले, आणि शेवटी पायऱ्या करून बाहेर निघाले. आता माल आवळेपर्यंत बसायचं. खांबेटेबाईंनी चहा पाठवला. स्टीलचे पेले, आणि चहा असा उकळता की पेला हातात धरवेना. मी पदराच्या चार घड्या करून एक पेला धरला आणि मामांना द्यायला गेले. ते पंपाच्या खोलीच्या सावलीला एकटेच टेकून बसले होते.

मनात होतं, आज तोंडावर विचारायचं. मी म्हणाले, “मामा, तळाला पण मीच अंगठा लावायचा का?”

“व्हय,” म्हणत त्यांनी पेला हातात घेतला. उघड्या हातात. सगळी बोटं भोवती आवळून. आणि तसाच धरून बसले, तलावाकडं बघत.

मी वाट बघितली, आता ठेवतील, आता ‘चटका बसला’ म्हणतील. काही नाही. वाफ वर चढत होती आणि मामांचा हात तिथंच.

“मामा,” मी म्हणाले, “भाजत न्हाई व्हय तुम्हाला?”

ते दचकले. आधी माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं, आणि पेला खाली ठेवला. पंजा लालबुंद झाला होता. त्यांनी तो धोतराखाली घातला, पण आता काय उपयोग? मी त्यांच्यासमोर खालीच बसले.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“दिवाळीच्या मागनं. साखर हाय म्हणतात. बोटांस्नी काय कळंनाच झालंय.” मग म्हणाले, “गरम बी न्हाई, गार बी न्हाई. ओलं न्हाई नि वाळलं न्हाई.”

“म्हंजे पाचगणीला…”

मामांनी मान खाली घातली. मला उत्तर मिळालं. काय सांगू, अशी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. तो तळ फुटला तेव्हापासून मी रोज रात्री स्वतःचा हात बघत होते, खरंच जड आहे का म्हणून. घरात भांडं घासताना हात आखडता घेत होते. आणि हा माणूस सगळं माहीत असून शेजारच्या खोलीत झोपत होता.

“मामा, त्यापायी हे मला गावी धाडायला निघालेत की हो!”

“ठावं हाय मला.”

“ठावं हाय तर बोला की. त्यांना सांगा.”

“सांगीन.”

“कधी?”

“मालन, चाळीस वरसं ह्या अंगठ्यावर जगलोय,” मामा म्हणाले. आवाज एवढा बारीक की मला पुढं वाकावं लागलं. “हे एकदा बोललो की मी कोण? दारातलं म्हातारं. आजचं काम उरकू दे. मग बघतो.”

मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. पण रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं. मी उठले आणि म्हणाले, “चहा निवलाय. प्या आता.”

परत येईपर्यंत वारा सुटला होता. धरणाच्या बाजूनं येणारा वारा असतो तो, उन्हातला, कोरडा. वरच्या आंब्याची पानं सळसळायला लागली. मी तलावाच्या कडेला येऊन बघितलं. खोल बाजू भिंतीच्या सावलीत होती, ओलसर चकाकत होती. पण उथळ बाजू आणि पायऱ्या उन्हात, त्यावर तो वारा, आणि तिथली चकाकी गेलेली. पायऱ्या पांढऱ्या पडायला लागल्या होत्या.

आता आमच्यात धुवायची रीत अशी, की खोल बाजू आधी. कारण धुतलेलं पाणी उतारानं खोल बाजूला जातं. तिथला माल ओला असताना वरून पाणी आलं तर तो खराब होणार. म्हणून खालून धुत वर यायचं आणि पायऱ्यांवरून बाहेर पडायचं. आजवर कधी उलटं झालं नव्हतं.

मामा आले. सुखदेव त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला, बाकीचे गडी, बायका, सगळेच जमले. आता हळू विचारायची सोय नव्हती. मामांनी मला हाक मारली नाही. ओल्या मालावर पाय पडू नये म्हणून आडव्या टाकलेल्या फळीवरून खोल बाजूला उतरले, वाकले, स्वतःच अंगठा लावला. मग वर आले, पायरीला लावला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या तोंडावर काहीच नव्हतं. त्यांना काही कळतच नव्हतं, आणि पाचगणीला घाई झाली होती म्हणून आता त्यांना भीती वाटत होती.

“थांबा,” मामा म्हणाले. “अजून येळ हाय.”

मी पुढं झाले, वाकले आणि सगळ्यांच्या देखत पायरीवर अंगठा दाबला. ठसा उठला, पण जेमतेम. अजून थोडा उशीर केला असता तर तोही उठला नसता.

“मामा, पायऱ्या आल्यात,” मी म्हणाले.

“थांब म्हटलं न्हवं का!”

हे त्यांचं मला बोलणं नव्हतंच. शेजारी मुलगा उभा होता, त्याला ऐकवायला होतं. पण पायऱ्यांना ते काय माहीत? त्या पांढऱ्या होत चालल्या होत्या. आणि साय राहिली तर उद्या पुन्हा कुणाचा हात सापडणार, हे मला शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं.

मी बायकांकडं वळले. “पाइप बंद ठेवा. नुसते स्पंज घ्या. पायऱ्यांपासनं धुवायला लागा, पाणी खाली सांडायचं न्हाई, बादलीत पिळायचं. चला!”

कुणी जागचं हललं नाही. इंदूबाईसुद्धा स्पंज छातीशी धरून उभीच. सुखदेवचा चेहरा काळाठिक्कर पडला.

“तू कोण गं सांगणारी?” तो म्हणाला. “अण्णा हितं उभं हायेत, दिसंना व्हय तुला? एक तळ घालवलास, आता हे बी घालव!”

मी मामांकडं बघितलं. बोलायचं ते दुपारी बोलून झालं होतं. मनात म्हटलं, आता तुम्ही गप्प राहिलात तर मी आपणहून एसटीत बसते, कुणी धाडायची गरज नाही.

वाऱ्यानं मामांचा पटका फडफडत होता. त्यांनी एकदा पायऱ्यांकडं बघितलं, एकदा मुलाकडं. मग उजवा हात पुढं केला आणि सुखदेवच्या नाकासमोर धरला. पंजा अजून लाल होता, आणि अंगठ्याखाली पेल्याच्या काठाचा फोड उठला होता.

“हे बघ. मघाशी भाजलंय. मला कळलं न्हाई,” मामा म्हणाले. “पाचगणीला बी कळलं न्हवतं. तळ मी घालवला. ही ओरडत हुती ओलं हाय म्हणून, आणि मी मुंडी वळवून हुबा राहिलो. आज सकाळपासनं भित्ती बघतोयस न्हवं? अंगठा हिचा हाय. माझा मेलाय.”

बाकीचे गडी इकडं तिकडं बघायला लागले. मामांनी इंदूबाईच्या हातातला स्पंज घेतला, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि फळीवर बायकांच्या रांगेत उकिडवे बसले. चाळीस वर्षांत त्यांनी स्पंज हातात धरला नव्हता. तो कसा पिळायचा तेही त्यांना नीट जमेना, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

“मालन,” त्यांनी विचारलं, “कुठनं सुरू करू?”

पायऱ्या वाळत होत्या, रडायला सवड कुठली?

“वरच्या पायरीपासनं, मामा. कडेनं आत या.”

मग सगळ्याच बायका भराभर उतरल्या. स्पंज फिरत होते, बादल्या भरत होत्या, गडी त्या वर ओढून रिकाम्या करत होते. पहिल्या पायरीची साय जरा चिवटपणानं निघाली, दुसरीची बरी, आणि उथळ तळाची तर आपसूक सुटली. हिरवी खडी उघडी पडली, तांबूस पडली. मामांच्या हाताखालची पण. ते एकेक वीत धुऊन मान वाकडी करून माझ्याकडं बघायचे, आणि मी मान हलवली की पुढं सरकायचे.

सुखदेव कितीतरी वेळ वर कट्ट्यावर उभा होता. हातात थापी तशीच. आम्ही उथळ बाजू संपवत आणली तेव्हा तो खाली उतरला आणि फळीवर मामांच्या मागं येऊन उभा राहिला.

“अण्णा,” त्यानं खाकरून विचारलं, “खोल बाजू कधी धुवायची?”

मामांनी मानही वर केली नाही. “मला काय इचारतोस? तिला इचार.”

सुखदेव माझ्याकडं वळला. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण कामातलं काही त्यानं मला कधी विचारलं नव्हतं. त्याला सुरुवात कशी करावी तेच कळेना. थापी ह्या हातातून त्या हातात गेली.

“कधी धुवायची?” शेवटी त्यानं विचारलं.

मी फळीवरून खोल बाजूला गेले, सावलीत वाकले आणि अंगठा दाबला. सगळा तलाव माझ्या तोंडाकडं बघत होता.

“थांबा,” मी म्हणाले. “मी सांगीन तवा.”